पावणेदोन मिनिटांत विल्बर राइटने फ्रान्सला काय दाखवलं

17 डिसेंबर 1903 ला राइट बंधूंनी विमान उडवलं हे शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय, पण त्यानंतर साडेचार वर्षांहून जास्त काळ फ्रान्सने त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता हे मात्र कुणी सांगत नाही. आणि त्याला कारणही होतं. 1905 च्या ऑक्टोबरमध्ये ओहायोतल्या एका माळरानावर विल्बरने एका दमात 39 मिनिटं गोल गोल फिरत जवळजवळ 39 किलोमीटर उड्डाण केलं, आणि त्यानंतर दोघा भावांनी विमान चक्क बंद करून ठेवलं, कारण पेटंट हातात यायचं होतं आणि गिऱ्हाईक मिळायचं होतं, त्याआधी कुणी मशीन बघून कॉपी मारली तर सगळी मेहनत पाण्यात. मग अडीच वर्षं उड्डाण नाही, फोटो कुणाला द्यायचे नाहीत, करार करा मग दाखवतो असा सगळा कारभार. 1903 चा तो प्रसिद्ध फोटोसुद्धा 1908 पर्यंत लोकांनी पाहिला नव्हता.

तिकडे पॅरिसमध्ये सांतोस-दुमाँने नोव्हेंबर 1906 मध्ये भर गर्दीसमोर 220 मीटर उड्डाण केलं होतं, जानेवारी 1908 मध्ये आँरी फार्मांने एक किलोमीटरचा फेरा पूर्ण करून 50,000 फ्रँकचं बक्षीस मारलं होतं. म्हणजे फ्रेंचांच्या दृष्टीने विमान हा त्यांचाच शोध होता, आणि अमेरिकेतले दोन सायकलवाले उगाच गप्पा मारत होते. पॅरिसमधल्या एका इंग्रजी पेपरने तर 1906 मध्येच लिहून टाकलं होतं की हे दोघे एकतर उडणारे आहेत नाहीतर थापाडे.

(आपल्याकडे शिवकर बापूजी तळपद्यांनी 1895 मध्ये चौपाटीवर विमान उडवलं ही गोष्ट दर थोड्या दिवसांनी फॉरवर्ड होऊन येते. त्या उड्डाणाचा पडताळून बघता येईल असा त्या काळचा पुरावा कुणी समोर ठेवलेला नाही. राइट बंधूंकडे साक्षीदार होते, डायऱ्या होत्या, फोटो होते, तरीही त्यांना बोटीने युरोपात जाऊन लोकांसमोर उडावंच लागलं, एवढंच इथे नोंदवतो.)

1908 च्या उन्हाळ्यात कामाची वाटणी झाली. ऑर्व्हिल अमेरिकन सैन्याला विमान दाखवणार आणि विल्बर फ्रान्सला. तिथे लाझार वेलर नावाच्या उद्योगपतीच्या गटाशी करार झाला होता, रक्कम 5 लाख फ्रँक, आणि अटी अशा की बरोबर माणूस बसवून लांब पल्ल्याची उड्डाणं करून दाखवायची, शिवाय काही जणांना विमान चालवायला शिकवायचं. विमान आदल्या वर्षीच खोक्यात भरून बोटीने पाठवलेलं होतं आणि ल हाव्र बंदरात पडून होतं. विल्बरने ते ल माँ गावी आणून उघडलं तर आत नुसता भंगार, फळ्या मोडलेल्या, कापड फाटलेलं, रेडिएटर चेपलेला. त्याने घरी ऑर्व्हिलला झणझणीत पत्र लिहिलं की पॅकिंग असं करतात का, नंतर कळलं की हा प्रताप कस्टमवाल्यांचा होता. लिऑन बोले या मोटार बनवणाऱ्या माणसाने त्याला आपल्या कारखान्यात जागा दिली, आणि तिथे 4 जुलैला इंजिन चालवून बघताना पाण्याची नळी सुटून उकळतं पाणी विल्बरच्या हातावर आणि छातीवर उडालं. म्हणजे पुढचे कित्येक दिवस भाजलेल्या हाताने एकटा माणूस विमान जोडत बसलाय, रात्री झोपतोय तिथेच विमानाशेजारी शेडमध्ये, आणि पॅरिसचे पेपर विचारतायत की कधी उडणार, उडणार का नक्की.

8 ऑगस्ट 1908, शनिवार. जागा युनोदिएरचा घोड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक (ल माँची 24 तासांची मोटार रेस बघणाऱ्यांना हे नाव ओळखीचं असेल, तिथल्या त्या लांबलचक सरळ पट्ट्याचं फ्रेंच नाव तेच आहे). स्टँडमध्ये फार लोक नव्हते, पण जे होते ते जाणकार होते, स्वतः विमानं बनवणारा लुई ब्लेरिओ होता, आणि अर्नेस्ट आर्चडीकन होता जो राइट बंधूंचा सगळ्यात मोठा टीकाकार, तो विमान उडेपर्यंत आजूबाजूच्या लोकांना या यंत्रात काय काय चुकलंय ते समजावत होता. विल्बर नेहमीच्याच कपड्यात, राखाडी सूट, कडक कॉलर, डोक्यावर टोपी. विमानाला चाकं नव्हती, ते एका लाकडी रुळावर ठेवलेलं आणि मागे उंच मनोऱ्यावर शेकडो किलो वजन टांगलेलं, वजन खाली पडलं की दोरी विमानाला पुढे खेचणार. संध्याकाळी साडेसहाच्या आसपास वजन सोडलं, विमान उठलं, आणि ट्रॅकच्या टोकाला झाडं आली तेव्हा लोकांना वाटलं झालं, आता आदळणार. विल्बरने डावा पंख खाली झुकवला आणि विमान झोकात वळलं. दोन फेऱ्या मारून, निघालं होतं तिथेच जवळपास अलगद उतरलं. एकूण 1 मिनिट 45 सेकंद.

आता बघा, वेळेच्या हिशेबाने हे काहीच नाही, फ्रेंच विमानं त्याआधी यापेक्षा जास्त वेळ हवेत राहिली होती. तरी लोक खुर्च्यांवरून उठून धावत सुटले, ब्लेरिओ म्हणाला की यांत्रिक उड्डाणाचं नवं युग सुरू झालं, आणि लिऑन दलाग्रांज, जो स्वतः त्या काळचा नावाजलेला वैमानिक, त्याचं वाक्य प्रसिद्धच आहे, आपण हरलो. का? तर त्या वळणामुळे. सगळा खेळ त्या वळणात आहे, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो.

विमान वळवायचं म्हणजे त्याला आतल्या बाजूला ओढणारं बल पाहिजे. फ्रेंच लोक विमानाकडे जहाज म्हणून बघत होते, मागचं सुकाणू फिरवलं की नाक फिरणार आणि विमान वळणार. पण पाण्यात जहाजाला बाजूने पाणी आडवं येतं म्हणून ते वळतं, हवेत तसा आधार फार कमी, त्यामुळे नाक फिरतं आणि विमान मात्र जुन्याच दिशेने घसरत राहतं. शिवाय वळताना बाहेरचा पंख जास्त वेगाने जातो, त्याला जास्त उचल (म्हणजे पंखाला वर उचलणारं हवेचं बल) मिळते, तो वर उठायला लागतो, आणि तो परत खाली आणायला चालकाकडे काही साधनच नाही. म्हणून फार्मांने तो किलोमीटरचा फेरा घेतला तेव्हा खूप मोठं, सपाट, जपून जपून वळण घेतलं होतं.

राइट बंधूंनी उलटा विचार केला. सायकल वळवताना आपण हँडल फिरवतो त्याआधी अंग झुकवतो, न झुकता वळायला गेलो तर बाहेर फेकले जातो. यांचा धंदाच सायकलचा. विमान झुकवलं की पंखांची उचलसुद्धा झुकते, तिचा एक भाग विमानाला वर धरून ठेवतो आणि दुसरा भाग आतल्या बाजूला ओढतो, म्हणजे वळायला लागणारं बल पंखांकडूनच मिळालं. ते जितकं जास्त झुकेल तितकं वर धरणारा भाग कमी होतो, म्हणून एकूण उचल वाढवावी लागते, 60 अंश झुकून उंची न सोडता वळायचं तर पंखांना विमानाच्या वजनाच्या दुप्पट उचल द्यावी लागते. आजही प्रवासी विमान वळताना तुमच्या खिडकीतून अचानक जमीन दिसायला लागते ती याचमुळे.

झुकवायचं कसं, तर पंखच पिळायचा. तारा ओढून एका बाजूच्या पंखाचं टोक जरा वर वळवायचं आणि दुसऱ्या बाजूचं खाली. ज्या बाजूचा पंख हवेला जास्त कोनात भिडेल तिकडे उचल जास्त. इथे एक गंमत आहे जी त्यांना ग्लायडर उडवताना कळली होती, जास्त उचल देणारा पंख हवेचा अडथळाही जास्त खातो, त्यामुळे तो मागे खेचला जातो आणि विमानाचं नाक नको त्या बाजूला वळतं. मग मागे हलणारं सुकाणू लावलं, पण ते वळवण्यासाठी नाही, ही चूक निस्तरण्यासाठी. ही जोडी जमवली तिथे ते बाकी जगाच्या कितीतरी पुढे गेले, आणि मला विचाराल तर इंजिनपेक्षा हाच त्यांचा खरा शोध. इंजिन त्यांचं काही भारी नव्हतं, 30 हॉर्सपॉवरच्या आसपास, फार्मांचं 50 चं होतं. पण प्रोपेलर, म्हणजे विमानाला पुढे ढकलणारा पंखा, हा गोल फिरणारा विमानाचा पंखच असं समजून त्यांनी त्याचं गणित मांडलं होतं, त्यामुळे कमी ताकदीत जास्त काम निघायचं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, विल्बर बिशपचा मुलगा, रविवारी उडणार नाही म्हणाला. सोमवारी आठचा आकडा काढून दाखवला. मग गर्दी हजारोंनी वाढायला लागली, विमान जवळच्या ओव्हूरच्या लष्करी मैदानात हलवलं. 17 सप्टेंबरला अमेरिकेत ऑर्व्हिलचं विमान कोसळलं, त्याच्याबरोबर बसलेला लेफ्टनंट सेल्फ्रिज मेला, विमान अपघातात गेलेला तो पहिला माणूस, ऑर्व्हिल जबर जखमी. विल्बर चार दिवसांनी परत हवेत गेला आणि दीड तासाच्या वर राहिला. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या एजंटची बायको ईडिथ बर्ग बाजूच्या सीटवर बसली, स्कर्ट उडू नये म्हणून खाली दोरीने बांधून घेतला होता. 31 डिसेंबरला कडाक्याच्या थंडीत 2 तास 20 मिनिटं उडून सुमारे 124 किलोमीटर आणि मिशेलँचं बक्षीस. एका मेजवानीत भाषण करा म्हणून आग्रह झाला तेव्हा म्हणाला, बोलणारा पक्षी मला एकच माहीत आहे, पोपट, आणि तो काही फार उंच उडत नाही.

पुढे विल्बर दक्षिण फ्रान्समधल्या पो गावात उडायला लागला, तिथे स्पेनचा राजा येऊन सीटवर नुसता बसून गेला, इंग्लंडचा राजा आला, माजी पंतप्रधान बाल्फोर तर वजन वर चढवायची दोरी ओढायला लागला. पण फ्रेंच लोक नुसते टाळ्या वाजवत बसले नाहीत. फार्मांने पंख पिळण्याऐवजी पंखांच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या लावल्या, आज सगळ्या विमानांना असतात तशा, आणि ऑक्टोबर 1908 संपायच्या आत तो एका गावाहून दुसऱ्या गावी 27 किलोमीटर उडून गेला. ब्लेरिओने पंख पिळायची पद्धत घेतली आणि 25 जुलै 1909 ला इंग्लिश खाडी ओलांडली. ऑगस्टमध्ये रॅन्सला मोठा विमान मेळा भरला तोवर राइट बंधूंची आघाडी जवळपास संपलेली होती.

विमानं खोक्यात भरून देशोदेशी दाखवायला न्यायचं मग पेवच फुटलं. 1910-11 च्या हिवाळ्यात अलाहाबादच्या प्रदर्शनात अशी विमानं आली, आणि 18 फेब्रुवारी 1911 ला आँरी पेके नावाचा तरुण फ्रेंच वैमानिक सुमारे 6,500 पत्रं घेऊन यमुनेवरून नैनीला जाऊन उतरला. विमानातून गेलेली जगातली पहिली अधिकृत टपाल ती हीच.