रक्ताचा कॅन्सर झाला म्हणजे सगळं संपलं?

"रक्ताचा कॅन्सर? मग रक्त चढवत राहायचं, दुसरं काय!" गोव्यात फोंड्यापासून पेडण्यापर्यंत हे अजून ऐकू येतं. हे साफ चूक आहे, आणि त्यापायी माणसं उपचार सोडतात याचं फार वाईट वाटतं.

ज्याला आपण सहसा रक्ताचा कॅन्सर म्हणतो त्या ल्युकेमियात बिघाड हाडांतल्या मज्जेत, म्हणजे रक्तपेशी तयार होतात तिथे असतो. तिथे सदोष पेशी माजतात, निरोगी पेशींना जागा उरत नाही. रक्त चढवून तात्पुरता आधार मिळतो, मूळ तिथेच राहतं.

शिवाय हा एकच आजार नाही. तीव्र (झपाट्याने वाढणारा) आणि दीर्घकालीन, त्यात पुन्हा कोणत्या जातीच्या रक्तपेशी बिघडल्या त्यावरून लिम्फॉइड व मायलॉइड, असे ल्युकेमियाचे चार मुख्य प्रकार. मुलांत जास्त आढळणारा तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया पूर्ण उपचारांनी बहुतेकदा बरा होतो. दीर्घकालीन मायलॉइडचं तर चित्रच पालटलं. २००१ साली इमॅटिनिब हे औषध बाजारात आलं आणि आज कित्येक रुग्ण रोज गोळी घेऊन नोकरी-संसार सांभाळतात.

पावसाळ्यात ताप आला, प्लेटलेट घटल्या की आपण डेंग्यू धरून चालतो. बहुधा तो असतोही. पण ताप हटत नसेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, न आपटता काळेनिळे डाग उठत असतील, तर तो ल्युकेमियाही असू शकतो; पपईच्या पानांचा रस काढत बसू नका. सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) करा आणि अहवाल घेऊन बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) दाखवा.