टाइप मिसमॅच (वेब प्रोग्रॅमिंग)

फंक्शनला आकडा हवा असताना मजकूर येणे, किंवा मजकूर हवा तिथे अनेक किमतींची यादी, म्हणजे अख्खा अ‍ॅरे येऊन पडणे, याला टाइप मिसमॅच म्हणतात. वेबवर हे रोजचेच आहे, कारण फॉर्ममधून किंवा यूआरएलमधून आलेली किंमत सर्व्हरला मजकूर म्हणूनच मिळते. वयाच्या चौकटीत ३५ भरले तरी पोचतात ती ३ आणि ५ ही दोन चिन्हे. जावास्क्रिप्टमध्ये अशा मजकुरातल्या ५ मध्ये ३ मिळवले की ५३ होतात आणि एररही येत नाही.

सर्व्हरवर चालणारी पीएचपी ही भाषाही बरीच वर्षे असेच सांभाळून घेत असे. २०१५ च्या ७.० आवृत्तीत टाइपएरर (चुकीच्या टाइपची एरर) आला आणि पॅरामीटरला, म्हणजे फंक्शनला दिलेल्या किमतीला, इंट (पूर्णांक), स्ट्रिंग (मजकूर) असे टाइप लावता येऊ लागले. २०२० च्या ८.० पासून बहुतेक अंगभूत फंक्शनेही चुकीच्या टाइपवर टाइपएरर फेकतात. त्यामुळे जुने लपलेले दोष उघडे पडले. समजा, शोधपेटीतला शब्द कोडमध्ये ट्रिम या, कडेच्या मोकळ्या जागा काढणाऱ्या फंक्शनला दिला आहे. कुणी यूआरएलमध्ये पॅरामीटरच्या नावापुढे फक्त चौकोनी कंस जोडला, की पीएचपी त्याचा अ‍ॅरे करते, ट्रिम अडते आणि पान ५०० (सर्व्हरची चूक) हा एचटीटीपी कोड देऊन कोसळते. चूक पाठवणाऱ्याची असल्याने उत्तर ४०० (चुकीची विनंती) जायला हवे.

घाईत यावर इंटचे कास्टिंग लावले जाते, म्हणजे आलेली किंमत जबरदस्तीने पूर्णांकात बदलली जाते. हा उपाय मूळ दुखण्यापेक्षा वाईट आहे. निरर्थक मजकुराचा त्याने ० होतो आणि रिकामा नसलेल्या कोणत्याही अ‍ॅरेचा १. म्हणजे भलत्याच ग्राहकाची, क्रमांक १ ची नोंद उघडू शकते. किंमत आत येते तिथेच, एकदाच तपासावी आणि बसत नसेल तर स्पष्ट नकार द्यावा. टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टला टाइप जोडणारी भाषा) वापरले तरी ही तपासणी टळत नाही, कारण त्यातले टाइप कंपाइल होताना पुसले जातात.

मराठी कीबोर्डवरून देवनागरीत ३५ लिहिले तर पायथनचे इंट ते बरोबर ओळखते, जावास्क्रिप्टचे नंबर 'नॅन' (आकडा नाही) देते आणि पीएचपीचे कास्टिंग ०. मराठी फॉर्म बनवणाऱ्याने तपासणीआधी अंक बदलून घ्यावेत; वापरणाऱ्याला दोष देऊ नये. जे आकड्यासारखे दिसते पण मोजायचे नसते, ते मात्र मजकूरच ठेवावे: मुंबईचा एसटीडी कोड ०२२ आकडा म्हणून साठवला, की २२ उरतो.