तळ्याचा पाझर विहिरीला लागतो का? पार्श्वभूमी एका जुन्या वादाची

कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तरी मे महिन्यात वाड्यांवर टँकर फिरतो. जांभ्यात पाणी जितक्या घाईने मुरतं तितक्याच घाईने व्हाळाला लागून खाडीत जातं. म्हणून गावात तळं असलं की त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरी तळ्यावरच जगतात, असं सर्रास धरलं जातं. धामापूरच्या १५३० सालच्या तलावासारखी जुनी बांधीव तळी असलेल्या पट्ट्यात तर हे कुणी तपासायलाही जात नाही. पातळ्या मोजून उलगडा होत नाही. पाऊस थांबला की तळं आणि विहीर दोन्ही उतरतात. कोण कुणामुळे, ते कळत नाही.

उत्तराची वाट पाण्याच्या रेणूतच होती. १९२९ मध्ये ऑक्सिजन-१८, म्हणजे जड ऑक्सिजन, सापडला, १९३१ मध्ये हॅरॉल्ड युरी यांनी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, शोधला. वाफ होताना हलके रेणू आधी उडतात, जड मागे राहतात. १९६१ मध्ये हार्मन क्रेग यांनी दाखवलं की जगभरच्या पावसात या दोन जड समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण आलेखावर जवळजवळ एकाच सरळ रेषेत पडतं. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटनेने पावसाचे नमुने गोळा करायला सुरुवात केली. मुंबईचा पाऊसही त्यात मोजला गेला.

उघड्यावर तापलेलं तळ्याचं पाणी त्या रेषेवरून खाली सरकतं. विहिरीचं पाणी रेषेवरच असेल तर ते थेट मुरलेल्या पावसाचं. तेही सरकलेलं असेल तर त्यात तळ्याचा वाटा आहे, आणि किती, तेही काढता येतं. कधी उलटंही निघतं: तळं अपेक्षेइतकं जड झालेलं नसतं, कारण खालून झरे त्यात ताजं पाणी आणत असतात. मग तळंच भूजलावर जगतंय! नैनिताल सरोवराचा पाण्याचा हिशेब रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेने याच पद्धतीने तपासला.

ट्रिटियमची, म्हणजे हायड्रोजनच्या किरणोत्सारी रूपाची, कथा वेगळी. अणुचाचण्यांमुळे १९६३च्या आसपास पावसात त्याचा कळस झाला आणि पाण्याचं वय काढायला आयतं साधन मिळालं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे १२.३ वर्षं, आता ती खूण पुसट झाली आहे.

कोकणात समस्थानिकांनी गाजवलेला विषय मात्र गरम झऱ्यांचा. तुरळ, राजवाडी, उन्हवरे इथलं पाणी ज्वालामुखीचं नव्हे, खोल जाऊन तापलेलं पावसाचंच, हे त्यांनीच पक्कं केलं. तळ्यांकडे तेवढं लक्ष गेलं पाहिजे, असं मला वाटतं.

नमुन्याची वेळ चुकली तर सगळं फुकट. पावसाळा सरताच तळं आणि विहीर सारखीच दिसतात, म्हणून उन्हाळा अखेरचं पाणी हवं. बाटली लहान, काठोकाठ भरलेली, बुडबुडाही न ठेवता घट्ट बंद केलेली. नाहीतर बाटलीतच पाणी उडतं आणि तळ्याची खोटी खूण विहिरीच्या नावावर लागते.