'गोमन्तक'चा जन्म आणि सार्वमताची लढाई

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि २४ मार्च १९६२ रोजी पणजीत 'गोमन्तक' हे मराठी दैनिक सुरू झालं. मध्ये जेमतेम तीन महिने.

एवढी घाई का, हे कळायला आधीचा गोवा आठवावा लागतो. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या अमलात छापायचा मजकूर आधी सेन्सॉरकडे न्यावा लागे. बातम्यांचंच नव्हे, लग्नपत्रिकेचंही तेच. लेकीच्या लग्नाचा चार ओळींचा मजकूर घेऊन बापाने सरकारी माणसापुढे उभं राहायचं, त्याने हो म्हटलं की मग छापखाना गाठायचा. 'ओ हेराल्दो' हे दैनिक १९०० पासून निघत होतं, पण ते पोर्तुगीजमध्ये. घरात कोंकणी बोलणारा आणि पोथी-पुराण मराठीत वाचणारा मोठा वर्ग त्यापासून लांबच होता. त्याची भूक 'गोमन्तक'ने ओळखली.

पैसा चौगुल्यांचा, म्हणजे खाणीचा. पहिले संपादक बा. द. सातोस्कर, गोव्याच्या मातीचा आणि इतिहासाचा खोल अभ्यास असलेला माणूस. माझ्या मते पत्राला वजन आलं ते त्यांच्यामुळे.

मग गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाचा वाद पेटला. भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष १९६३ मध्ये सत्तेवर आला होता आणि 'गोमन्तक' उघडपणे विलीनीकरणाच्या बाजूने उभा राहिला. समोर मडगावचं 'राष्ट्रमत'. त्यात उदय भेंब्रे विलीनीकरणाविरुद्ध 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहीत. विलीनीकरणाची निशाणी फूल, संघप्रदेश म्हणून वेगळं राहण्याची दोन पानं. १६ जानेवारी १९६७ रोजी सार्वमत झालं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा.

या लढाईची आठवण निघाली की मराठी हरली, असं आजही कुणीतरी म्हणतं. मला ते पटत नाही. 'राष्ट्रमत'ही मराठीच दैनिक होतं. कोंकणीच्या अस्मितेसाठी भेंब्रे रोज लढले, तेही मराठीतून. गोव्याने महाराष्ट्रात जावं की नाही, हा वाद दोन मराठी दैनिकांनी गोव्याच्या घराघरांत नेला. त्याआधी पाचच वर्षांपूर्वी तिथे लग्नपत्रिकेलाही परवानगी लागत होती.

'गोमन्तक' हरलेल्या बाजूला होता, तरी बंद पडला नाही. सार्वमतानंतर जेमतेम अडीच महिन्यांत झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी भाऊसाहेबांना पुन्हा मुख्यमंत्री केलं.