नीती आणि ईश्वरश्रद्धा : खानदेशातील विचार

देव न मानणारा माणूस नीतीने वागू शकतो काय आणि माणसाचे मोल त्याच्या श्रद्धेवरून ठरते काय, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न. चांगले ते देवाला आवडते म्हणून चांगले, की मुळात चांगले म्हणून देवाला आवडते, असा पेच प्लेटोने ‘युथिफ्रो’ या संवादात मांडला. जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांत या प्रश्नाला शास्त्रचर्चेपेक्षा लोकजीवनातून अधिक उत्तरे मिळाली.

चर्चेत ‘नास्तिक’ हा शब्द सर्रास वापरला जातो. त्याचा मूळ अर्थ मात्र वादग्रस्त आहे. ‘आस्तिक’ व ‘नास्तिक’ हे शब्द सिद्ध करणाऱ्या, व्याकरणकार पाणिनीच्या ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ (4.4.60) या सूत्रात ईश्वराचा उल्लेख नाही. पाणिनीच्या सूत्रांवरील काशिकावृत्ती ही टीका (सु. सातवे शतक) तेथे ‘परलोक’ हा शब्द अध्याहृत धरते, म्हणजे परलोक नाही असे मानणारा तो नास्तिक. मनुस्मृती (2.11) वेदनिंदकाला नास्तिक म्हणते. पहिला अर्थ घेतला तर कर्म व पुनर्जन्म मानणारे जैन आस्तिक ठरतात, दुसरा घेतला तर नास्तिक. उलट, जगाचा कर्ता ईश्वर आवश्यक न मानणारे पूर्वमीमांसक, म्हणजे वेदांतील कर्मकांडाचा विचार करणारे दार्शनिक, वेद प्रमाण मानत असल्यामुळे आस्तिकांत गणले जातात. काशिकेचा अर्थ सूत्राच्या अधिक जवळचा वाटतो. कोणताही अर्थ घेतला, तरी देव न मानणाऱ्यासाठी ‘निरीश्वरवादी’ हाच नेमका शब्द होय. देव न मानणारा म्हणजे दुराचारी, हे समीकरण तर सांख्य, जैन व बौद्ध या कठोर नीतिनियम सांगणाऱ्या परंपरांवर उघड अन्याय करणारे आहे.

अंमळनेर येथे 1916 मध्ये प्रताप शेठ यांच्या दातृत्वातून तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. तेथील अध्ययनाचा कल आत्मा व ब्रह्म एकच मानणाऱ्या अद्वैत वेदान्ताकडे होता. अद्वैतात सगुण ईश्वर हे अंतिम सत्य नसून व्यावहारिक पातळीवरचे असल्याने माणसाच्या थोरवीचा अखेरचा आधार आत्मस्वरूप हाच राहतो. साने गुरुजी काही काळ या संस्थेत होते. पुढे ते गावातील प्रताप हायस्कूलात शिक्षक झाले. श्रद्धाळू असलेल्या गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. भक्त आणि देव यांच्यामध्ये जात उभी राहत असेल तर ती भक्तीच अपुरी, ही त्यामागची भूमिका दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच समतेकडे दुसऱ्या वाटेने आले. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (1957) या ग्रंथात त्यांनी धम्मात ईश्वराची जागा नीतीला दिली आणि माणसाने माणसावर प्रेम करण्याची गरज हेच नीतीचे मूळ मानले.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) मनाने देवभोळ्या. तरीही माणूस कधी माणूस होणार, असे विचारणाऱ्या त्यांच्या कवितेत पापपुण्याचा धाक नाही. तेथे गोठा आहे: गाय-म्हैस चारा खाऊन दूध देते, कुत्रा इमानासाठी शेपूट हलवतो आणि माणूस मात्र पोट भरले की शुद्ध विसरतो. कसोटी वागण्याची आहे, आणि ती बिनतोड आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी 1930 च्या दशकात गुला महाराजांनी आदिवासींमध्ये दारू सोडण्याचा व स्वच्छ राहण्याचा उपदेश केला. येथे नीती आरतीसोबतच, म्हणजे भक्तीच्या वाटेनेच, आली. त्यांचे अनुयायी एकमेकांना ‘आप’ (आपण) असे आदराने संबोधीत. ज्यांना सावकार व जमीनदार अरेतुरे करीत, तीच ही माणसे होती.