टेक लाइव्ह : पॅकेजे बसवणे व काढणे

टेक लाइव्ह हा टेक या अक्षरजुळणी प्रणालीचा मोफत संच. डोनाल्ड कनुथ यांनी १९७८ मध्ये टेक तयार केली, लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात तिच्यावर लाटेक ही वापरायला सोपी प्रणाली उभारली आणि १९९६ मध्ये टेक लाइव्हची पहिली आवृत्ती आली. २००८ पासून त्यात टीएलएमजीआर (tlmgr) हा व्यवस्थापक आहे. पॅकेजे, म्हणजे टेकला जादा सोयी देणाऱ्या फायलींचे गठ्ठे, तोच बसवतो आणि काढतो. टर्मिनलवर त्याचे नाव, मग इन्स्टॉल किंवा रिमूव्ह, मग पॅकेजचे नाव, एवढ्यावर काम होते. आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टंकाव्या लागतात.

पूर्ण संच कित्येक जीबींचा आहे. पुण्या-मुंबईत कोणी त्याचा हिशेब करत नाही. धारणीपलीकडच्या किंवा भामरागडकडच्या गावात गणिताची प्रश्नपत्रिका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तयार करणाऱ्या शिक्षकाला मात्र तो करावाच लागतो, कारण तिथे रेंज जाते आणि वीजही. म्हणून बसवताना मोजकीच पॅकेजे असलेली ‘बेसिक’ योजना निवडावी आणि दस्तऐवज (पॅकेजांची माहितीपत्रके) व मूळ संहितेच्या (सोर्स कोडच्या) फायली वगळाव्यात. दस्तऐवज वगळल्याने मोठी जागा वाचते. मध्येच वीज गेली तर निवडी जपून ठेवणाऱ्या प्रोफाइल फाइलच्या आधारे बसवणी पुन्हा सुरू करता येते.

पुढे लागेल तसे मागवायचे. मराठीसाठी झेटेक (युनिकोड मजकूर जुळवणारे टेकचे रूप), पॉलिग्लॉसिया (भाषेसाठी) आणि फॉन्टस्पेक (फॉन्ट निवडण्यासाठी) ही पॅकेजे आणि एक चांगला देवनागरी फॉन्ट पुरतो. आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका हा फॉन्ट एकटाच उतरवता येतो. जादा फॉन्टांचा अख्खा संग्रह ओढायची गरज नसते. अडचण वेगळीच आहे. एका पॅकेजला दुसरे लागते याची नोंद टेक लाइव्हमध्ये बहुतेक ठिकाणी नसते, त्यामुळे ‘अमुक फाइल सापडली नाही’ असा संदेश येऊन काम थांबते. अशा वेळी टीएलएमजीआरच्या सर्च आज्ञेला ग्लोबल आणि फाइल हे पर्याय देऊन ती फाइल कोणत्या पॅकेजात आहे ते विचारावे. हा शोध ज्याला जमला, त्याचे निम्मे हेलपाटे वाचतात.

नेट अजिबात नसेल तर तालुक्याच्या गावातून आयएसओ फाइल, म्हणजे अख्खा संच एकाच फाइलमध्ये, आणावी. ती ४ जीबीहून मोठी असल्याने फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर मावत नाही. पेनड्राइव्ह आधी एक्सफॅट करून न्यावा, नाहीतर पन्नास किलोमीटरची एसटीची फेरी वाया जाते. घरी ती फाइल माउंट करून (डिस्कसारखी उघडून) रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांचे भांडार, म्हणून तिचाच पत्ता दिला की पॅकेजे तिथूनच येतात.

काढण्याचे नियम बसवण्याहून कडक आहेत. एखादा संग्रह, म्हणजे अनेक पॅकेजांचा गट, काढला तर त्यातली पॅकेजेही जातात. सुटे पॅकेज काढले तर त्याला लागणारी इतर पॅकेजे तशीच राहतात. बसवलेल्या संग्रहाला हवे असलेले पॅकेज टीएलएमजीआर काढू देत नाही, फोर्स पर्याय द्यावा लागतो, आणि असे जबरदस्तीने काढलेले पॅकेज नंतरच्या अद्ययावतीकरणात आपोआप परतही येत नाही. म्हणून आधी ड्राय-रन पर्यायाने काय काय जाणार ते पाहावे. जागेसाठी मात्र एकेक पॅकेज काढत बसू नये. बहुतेक पॅकेजे लहान असतात आणि फारसे काही हाती लागत नाही.

उबुंटू किंवा डेबियनच्या भांडारातून टेक लाइव्ह घेतले असेल तर बसवणे-काढणे एपीटी या त्या प्रणालींच्या स्वतःच्या व्यवस्थापकानेच करावे. दोन्ही व्यवस्थापकांची सरमिसळ केल्यास गोंधळ होतो. विंडोजवर मिकटेक हा टेकचा दुसरा संच पर्याय म्हणून आहे. तो हवे ते पॅकेज काम चालू असतानाच उतरवतो, त्यामुळे रेंज गेली की मजकुराची जुळणी अर्ध्यातच अडकते.

खेड्यात जुनी आयएसओ हातोहात फिरत राहते. टेक लाइव्हची आवृत्ती दरवर्षी नवी येते आणि गेल्या वर्षीचा टीएलएमजीआर या वर्षीच्या भांडारातून पॅकेजे घेण्यास नकार देतो. तेव्हा जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या ऐतिहासिक भांडारातल्या त्याच वर्षाचा पत्ता रिपॉझिटरी म्हणून द्यावा. नवा संच न उतरवताही राहिलेले पॅकेज मिळते.