संमोहनाचे खेळ आणि ब्रिटनचा १९५२ चा कायदा

संमोहनाच्या खेळांना ब्रिटनमध्ये परवाना लागतो, याचं मूळ ब्रायटनच्या हिप्पोड्रोम थिएटरात आहे. डिसेंबर १९४८ मध्ये राल्फ स्लेटर या अमेरिकी संमोहनकाराने तिथे प्रेक्षकांतल्या एका तरुणीला मंचावर घेतलं आणि आईसाठी रडणारं तान्हं बाळ व्हायला लावलं. पुढे आपलं मानसिक स्वास्थ्य बिघडलं, म्हणून ती कोर्टात गेली. मार्च १९५२ मध्ये ज्युरीने तिच्या बाजूने कौल दिला. अपिलात निष्काळजीपणाचा ठपका गेला, हल्ल्याचा मात्र राहिला. आपल्या पायांनी मंचावर गेलेल्या माणसाची संमती नेमकी कशाकशाला असते, हा प्रश्न तेव्हापासून या विषयाला चिकटून आहे.

या खेळांबद्दल कुजबुज त्याआधीच सुरू होती. १९४६ मध्ये बीबीसीने टीव्हीसाठी पीटर कॅसन या संमोहनकाराची चाचणी घेतली, तर पडद्यावर पाहणारे काही कर्मचारीच झोपी गेले! प्रक्षेपणाचा बेत तिथेच बारगळला.

खासदार सॉमरव्हिल हेस्टिंग्ज यांनी विधेयक आणलं. ते स्वतः सर्जन होते. १९५२ मध्येच कायदा झाला आणि स्थानिक प्रशासनाला खेळावर अटी घालण्याचा अधिकार मिळाला. २१ वर्षांखालच्यांवर प्रयोग करायला बंदी आली. ही मर्यादा पुढे १८ वर आली. उपचार आणि संशोधन यांना कायद्यातून वगळलं.

१९९३ मध्ये लँकेशायरमध्ये अशाच एका खेळात एका तरुणीला खुर्चीतून दहा हजार व्होल्टचा झटका बसल्याची सूचना दिली गेली आणि काही तासांनी ती घरी मरण पावली. मृत्यू नैसर्गिक ठरला, पण तिच्या आईने विषय सोडला नाही. गृहखात्याच्या तज्ज्ञांना गंभीर धोक्याचा पुरावा सापडला नाही, तरी १९९६ मध्ये स्थानिक प्रशासनासाठीच्या नमुना अटी कडक झाल्या. कुणालाही बालपणात न्यायचं नाही, शरीराचा अवयव हरवल्याचं भासवायचं नाही, दोन आधारांवर ताठ आडवं करायचं नाही. मंच सोडण्याआधी दिलेल्या सगळ्या सूचना काढून घ्यायच्या. यातली पहिली अट ब्रायटनमध्ये असती, तर स्लेटरचा तो प्रयोग झालाच नसता.

मला खटकतं ते वेगळंच. या कायद्याची नजर खेळावर आणि जागेवर आहे. संमोहनकाराने हे कुठे शिकलं, हे कायदा विचारतच नाही.